बोले तैसा न चाले

डिकन्सने बावीस वर्षांच्या संसारानंतर बायकोला कसं बाजूला सारलं, ही जुनीच गोष्ट परवा कोणीतरी परत उकरून काढली आणि आमच्या वाचणाऱ्या मंडळींत लगेच दोन तट पडले. एक गट म्हणाला, आता या माणसाची पुस्तकं हातात धरवणार नाहीत. दुसरा म्हणाला, माणूस वेगळा, पुस्तक वेगळं, तुम्हाला साहित्यातलं काही कळत नाही. मग टॉलस्टॉय निघाला, नॉर्वेचा कादंबरीकार हॅमसुन निघाला, त्रिनिदादमध्ये जन्मलेला इंग्रजी लेखक नायपॉल निघाला, आवाज चढले, एकजण रुसून गेला. आणि मला नंतर घरी आल्यावर जाणवलं की एवढ्या दोन तासांत कोणीही, म्हणजे खरंच कोणीही, एकाही कादंबरीतल्या एकाही पात्राचं नाव घेतलं नव्हतं.

हा वाद दरवेळी असाच होतो आणि माझ्या मते दोन्ही बाजू एकच चूक करतात. आपल्या अंगात संतांची परंपरा मुरलेली आहे, 'बोले तैसा चाले' हे लहानपणापासून कानावर पडलेलं आहे, आणि ती कसोटी तुकोबांना लावणं योग्यच आहे कारण तुकोबा जे सांगत होते ते जगायचंच होतं, शब्द आणि जगणं यांत फट पडली तर सगळंच कोसळलं असतं. पण कादंबरीकार आपल्याला कसं जगावं ते सांगायला बसलेला नसतो. (काही बसतात, त्यांच्या कादंबऱ्या तिथेच पातळ होतात.) तरी आपण त्याला मखरात बसवतो. एक गट आरती थांबवायला तयार नाही म्हणून आयुष्याकडे बघायचं नाही म्हणतो, दुसरा आयुष्य बघतो आणि मखरासकट पुस्तक बाहेर फेकतो. मूळ भानगड मखराची आहे. माझं म्हणणं असं की लेखकाचं आयुष्य वाचावं, खुशाल वाचावं, अगदी नको ते तपशीलही वाचावेत, पण पुस्तकाला मार्क द्यायला नव्हे. ते पुस्तक कशातून आलं आणि ते लिहून व्हावं म्हणून कोणाकोणाचं काय गेलं, हे कळायला वाचावं.

आता 'माणूस वेगळा, पुस्तक वेगळं'वाल्यांचं म्हणणं अगदीच फालतू नाही, उलट त्यांच्याकडे फार भारी साक्षीदार आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये सँत-बव्ह नावाचा मोठा समीक्षक होता. त्याची पद्धतच अशी की लेखक समजून घ्यायचा तर विचारा, याचं धर्माबद्दल काय मत होतं, बायकांशी कसा वागायचा, पैशाच्या बाबतीत कसा होता, गरीब की श्रीमंत, दिनक्रम काय, दुर्गुण कोणता. वाचताना वाटतं आजचीच कोणाची तरी पोस्ट आहे. आणि एवढी चौकशी करून या गृहस्थाने काय केलं? स्तांधालला तो ओळखत होता, त्याच्या कादंबऱ्या त्याला सामान्य वाटल्या. कवी बोदलेअर तर त्याच्या ओळखीतला, त्याचं मोठेपणही त्याला नीट दिसलं नाही. ओळख होती म्हणूनच घात झाला. समोर बसून गप्पा मारणाऱ्या माणसात त्याला तो लिहिणारा माणूस सापडला नाही, आणि कादंबरीकार प्रूस्तने नंतर नेमकं याच मुद्द्यावर त्याला धरलं, की चारचौघांत वावरणारा 'मी' आणि पुस्तक लिहिणारा 'मी' हे दोन वेगळे असतात. हे मला पटतं. लिहिताना माणूस स्वतःहून थोडा वर चढलेला असू शकतो, जे त्याला जेवणाच्या टेबलावर कधी जमलं नाही ते कागदावर जमलेलं असतं.

पण मग हीच मंडळी दोस्तोयव्हस्कीचं नाव निघालं की काय करतात? डिसेंबर 1849, बंदुका रोखलेल्या, शेवटच्या क्षणी झारची माफी, मग ओम्स्कच्या तुरुंगात चार वर्षं बेड्यांत. ही गोष्ट किती रंगवून सांगतात! आणि सांगायलाच पाहिजे, कारण मृत्यूआधीच्या शेवटच्या काही मिनिटांबद्दल तो जे लिहितो ते तसं दुसऱ्या कोणाला लिहिता आलं असतं असं वाटत नाही. फक्त मुद्दा असा की तेव्हा माणूस आणि पुस्तक वेगळं नसतं. हाल असले की आयुष्य आत, हलकटपणा असला की आयुष्य बाहेर. हे काही साहित्याचं तत्त्व नाही, ही सोय आहे.

आणि खरं सांगायचं तर आयुष्य बाहेर ठेवून कित्येकदा पुस्तकच अर्धं वाचलं जातं. डिकन्स बारा वर्षांचा असताना, 1824 मध्ये, बाप कर्जापायी तुरुंगात गेला आणि हा पोरगा बूटपॉलिशच्या कारखान्यात बरण्यांवर लेबलं चिकटवायला लागला. ही गोष्ट त्याने जन्मभर लपवली. जगाला कळली ती तो गेल्यावर, त्याचा मित्र फॉर्स्टरने चरित्र लिहिलं तेव्हा. डेव्हिड कॉपरफिल्ड बाटल्या धुतो, लेबलं लावतो, ती पानं वाचकांनी वीसेक वर्षं नुसती करुण म्हणून वाचली होती, आणि मग अचानक कळलं की इतका प्रसिद्ध, इतका बडबड्या माणूस ही एकच गोष्ट तोंडाने बोलू शकत नव्हता म्हणून त्याने ती एका खोट्या नावाच्या मुलाला दिली. यानंतर ती पानं तीच राहतात का?

टॉलस्टॉयचं तर याहून चमत्कारिक. 1862 साली लग्न ठरलं तेव्हा तो 34 वर्षांचा, सोफिया 18 ची. लग्नाआधी त्याने तिला स्वतःच्या डायऱ्या वाचायला दिल्या, त्यात सगळं, आधीच्या बायका, शेतावरच्या बाईशी असलेले संबंध, सगळं. प्रामाणिकपणा म्हणून. पंधराएक वर्षांनी 'ॲना कॅरेनिना'त लेव्हिन किटीला अगदी हेच करतो, किटी रडते, पण माफ करते आणि कथा पुढे सरकते. सोफियाने स्वतःची डायरी लिहिली आहे, आणि त्या डायरीत ती जखम पुढे सरकत नाही, वर्षानुवर्षं तिथेच राहते. आता हे कळल्यावर कादंबरीतला तो प्रसंग कमी प्रतीचा झाला का? मला तर तो जास्त खोल वाटायला लागला, कारण आता मला त्यात एका नवऱ्याची इच्छा दिसते, की तिने असं वागायला हवं होतं. कादंबरीने त्याला ती माफी मिळवून दिली जी घरात मिळाली नव्हती. एवढं मोठं काहीतरी वाचायचं सोडून मी माणूस वेगळा पुस्तक वेगळं म्हणत का बसू?

आता दुसरी बाजू. ही बाजू ऐकताना मी थोडी सावध होते, कारण तिचा सगळ्यात मजबूत मुद्दा हा वाङ्मयाचा नाहीच, तो माणुसकीचा आहे. 2024 च्या मे महिन्यात ॲलिस मन्रो गेल्या. कादंबरीपेक्षा कथाकार म्हणूनच मोठ्या, 2013 चं नोबेल. दोन महिन्यांत त्यांच्या मुलीने जाहीरपणे लिहिलं की लहानपणी सावत्र बापाने आपलं लैंगिक शोषण केलं, मोठी झाल्यावर आईला सांगितलं, आणि आई शेवटी त्याच्याकडेच राहिली. 2005 मध्ये त्या माणसाने कोर्टात गुन्हा कबूल केला होता, तरीही आई त्याला सोडून गेली नाही. आता ज्या बाईच्या कथांचा प्राणच हा की घरात न बोललेलं काय काय दबलेलं असतं, त्याच घरात हे दबलेलं होतं. त्या मुलीने आईच्या नावाचा जयजयकार किती वर्षं ऐकला असेल? 'कला वेगळी' हे वाक्य तिच्या तोंडावर कोण म्हणेल? मी नाही म्हणू शकत. लेखक हयात असेल, त्याने कोणाचं वाटोळं केलं असेल आणि ते माणूसही हयात असेल, तर त्या लेखकाला हारतुरे घालू नका, पुस्तक विकत घ्यावंसं वाटत नसेल तर घेऊ नका, यात मला काडीचीही हरकत नाही. पुरस्कार माणसाला मिळतो, मग त्या वेळी माणूस बघितलाच पाहिजे.

माझा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. 'तो असा निघाला, म्हणजे पुस्तकंही खोटीच होती.' हे कसं काय बुवा? जी वाक्यं काल खरी वाटली ती त्याच्या वागण्याने खोटी कशी होतील? मन्रोंच्या कथा आता वेगळ्या वाचल्या जातील, काही ठिकाणी अंगावर येतील, पण खोट्या नाही होणार, उलट काही जास्तच खऱ्या होतील आणि तेच सहन होत नाही. गप्प राहणारी माणसं कशी असतात हे त्यांना बाहेरून बघून कळलं होतं असं आपण समजत होतो, एवढंच.

क्नूट हॅमसुनचं बघा. 'भूक' ही त्याची 1890 ची कादंबरी, उपाशी माणसाच्या डोक्यात काय काय चालतं ते असं आधी कोणी लिहिलं नव्हतं. 1920 चं नोबेल. आणि हाच माणूस नॉर्वेवर जर्मनांनी कब्जा केल्यावर त्यांच्या बाजूने उभा राहिला, 1943 मध्ये नोबेलचं पदक त्याने हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सला भेट म्हणून पाठवलं, आणि मे 1945 मध्ये, सगळं संपल्यावर, कोणी विचारलेलं नसताना हिटलरवर श्रद्धांजली लिहून छापून आणली. याला काय म्हणायचं? युद्धानंतर त्याला पकडलं, वेड्यांच्या इस्पितळात ठेवून तपासलं, डॉक्टरांनी बुद्धी कायमची क्षीण झाली असं ठरवलं, खटला चालला आणि 1948 मध्ये वरच्या कोर्टाने दंड कमी करून 325,000 क्रोनरवर कायम केला. मग या क्षीण बुद्धीच्या म्हाताऱ्याने नव्वदीच्या तोंडावर 1949 मध्ये एक असं धारदार पुस्तक लिहिलं की डॉक्टरांचीच पंचाईत झाली. नॉर्वेच्या लोकांना तो आजही नीट गिळता येत नाही आणि थुंकताही येत नाही. पण मला त्यांचा मार्ग शहाणपणाचा वाटतो. केलेल्या गोष्टीचा हिशोब कोर्टात झाला, पुस्तकाचा हिशोब वाचकांत चालू आहे. एकाचा दंड दुसऱ्याकडून वसूल केला नाही.

आणि आयुष्यावरून निकाल द्यायचाच तर न्यायाधीश कोण? इंग्रज कादंबरीकार जॉर्ज एलियट, म्हणजे मेरी ॲन इव्हान्स, 1854 पासून जॉर्ज हेन्री लुइसबरोबर राहायला लागली. तो विवाहित, कायद्याने घटस्फोट मिळणं शक्य नव्हतं. तिच्या सख्ख्या भावाने तिच्याशी बोलणं टाकलं ते तब्बल वीस वर्षांवर, आणि बोलला कधी? लुइस वारल्यावर 1880 मध्ये तिने दुसऱ्याशी रीतसर लग्न केलं तेव्हा अभिनंदनाचं पत्र पाठवलं. त्याच वर्षी ती गेली, तर मोठमोठ्या लेखकांना जिथे पुरतात त्या लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत तिला जागा नाही. तिथल्या कवींच्या कोपऱ्यात तिच्या नावाचा दगड बसला तो 1980 साली, शंभर वर्षांनी. त्या काळी जे तिला नावं ठेवत होते ते काही राक्षस नव्हते, त्यांनाही अगदी असंच वाटत होतं की आपण मूल्यांसाठी उभे आहोत. गंमत म्हणजे डिकन्स 1870 मध्येच सन्मानाने त्याच कोपऱ्यात पुरला गेला होता, एलन टर्नन नावाच्या त्याच्यापेक्षा 27 वर्षांनी लहान नटीचं प्रकरण झाकलेलं होतं म्हणून. लपवलं त्याला जागा, उघड जगली तिला दार बंद. आजची आपली फूटपट्टी त्यांच्यापेक्षा बरी आहे असं मलाही वाटतं, पण शंभर वर्षांनी कोणाला काय वाटेल याची खात्री आहे का कोणाला?

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पुरुषाचं आयुष्य वाचलं जातं ते बऱ्याचदा सवलत म्हणून, बाईचं वाचलं जातं ते संशय म्हणून. 1933 मध्ये विभावरी शिरूरकर या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' आलं आणि मराठीत वादळ उठलं. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न रखडलेल्या मुलींच्या मनात काय चालतं ते त्यात होतं. लोकांनी काय विचारलं? हे खरं आहे का, असं आपल्या घरात चाललंय का, हा प्रश्न मागे पडला आणि ही बाई कोण, बाई आहे की पुरुष, यावर सगळा जोर. नाव कळल्यावर कथा आपोआप निकालात निघतील अशी काहीतरी आशा असावी. बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर, हे नाव कळलं, कथा जिथल्या तिथे राहिल्या. आणि 2016 मध्ये इटलीत, टोपणनावानेच लिहिणाऱ्या कादंबरीकार एलेना फेरान्तेच्या बाबतीत काय झालं? तिने पहिलं पुस्तक यायच्या आधीच प्रकाशकाला कळवून ठेवलं होतं की पुस्तक लिहून झालं की त्याला लेखकाची गरज नसते. एका पत्रकाराने प्रकाशनाचे पैसे कुठे गेले, घरं कोणाच्या नावावर झाली, असली कागदपत्रं काढून तिचा माग काढला. एखादा करबुडव्या शोधावा तसा. म्हणून मी जेव्हा आयुष्य वाचा म्हणते तेव्हा त्याचा अर्थ कोणाचंही दार फोडा असा नाही. नायपॉलने स्वतःची कागदपत्रं चरित्रकाराला खुली केली, त्यात त्याच्या पहिल्या बायकोच्या डायऱ्याही होत्या, आणि 2008 मध्ये आलेल्या त्या चरित्रात तो जसा दिसतो तसा दिसू दिला. ते वाचून माणूस आवडणं अवघड आहे. पण ते दार त्याने स्वतः उघडलं होतं.

तिसरा एक गट आहे, तो वाद घालत नाही, नुसता सुस्कारे सोडतो. 'अहो, प्रतिभावंत असेच असतात.' दारू, कर्ज, जुगार, बायकामुलांचे हाल, आणि त्यातून महान कलाकृती. हे मला सगळ्यात घातक वाटतं कारण यात कौतुकाच्या नावाखाली थेट परवाना दिला जातो. या लोकांना मी एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलपचं नाव सांगते. पोस्ट खात्यात नोकरी. पहाटे साडेपाचला टेबलाशी, समोर घड्याळ, दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द, मग ऑफिस. सत्तेचाळीस कादंबऱ्या. आणि त्याचं झालं काय? 1883 मध्ये, तो गेल्यावर, आत्मचरित्र आलं, त्यात त्याने हे सगळं आणि कुठल्या पुस्तकाचे किती पैसे मिळाले तेही सरळ लिहून ठेवलं होतं, आणि त्याची पत घसरली. हा काय लेखक, हा तर कारकून! म्हणजे बघा, एकाला वाईट आयुष्यासाठी खाली ओढतात, एकाला फारच नीटनेटक्या आयुष्यासाठी. आयुष्य आपल्याला नेमकं कसं हवंय, ते तरी ठरवा.

आणि ज्या जुगारी दोस्तोयव्हस्कीच्या गोष्टी सांगून सुस्कारे सोडतात ना, ती गोष्ट नीट ऐकली तर तिच्यात एक वीस वर्षांची मुलगी बसलेली दिसते. 1866 चा ऑक्टोबर. प्रकाशकाशी असा करार करून बसला होता की 1 नोव्हेंबरपर्यंत नवी कादंबरी दिली नाही तर पुढची नऊ वर्षं त्याचं लिखाण फुकट छापायचा हक्क त्या प्रकाशकाला. हातात महिनाही नाही. तेव्हा ॲना ही स्टेनोग्राफर आली, दिवसा त्याने सांगायचं तिने टिपायचं, रात्री घरी जाऊन स्वच्छ प्रत करायची, आणि 26 दिवसांत 'जुगारी' पूर्ण झाली. पुढच्या फेब्रुवारीत लग्न. नंतर त्याची पुस्तकं छापण्याचा, विकण्याचा, देणेकऱ्यांना तोंड देण्याचा सगळा धंदा तिने सांभाळला. प्रतिभेला अव्यवस्था लागते म्हणणाऱ्यांनी हे बघावं, की ती अव्यवस्था परवडली कारण शेजारच्या खोलीत कोणीतरी हिशोबाची वही लिहीत होतं. मग मी त्या कादंबऱ्यांचं कौतुक कमी करू का? नाही. पण कौतुक करताना ते एकट्याच्या नावावर का जमा करू?

बाजूला सारलेल्या बायकोने काय करावं याचं उत्तर मला डिकन्सच्याच घरात सापडलं. 1858 मध्ये त्याने स्वतःच्या साप्ताहिकात पहिल्या पानावर निवेदन छापून घरगुती भानगड जगासमोर मांडली, आपली बाजू तेवढी. त्याची बायको कॅथरीन, जिने दहा मुलांना जन्म दिला होता, ती काही बोलली नाही. 1879 मध्ये मरायच्या आधी तिने त्याची जुनी पत्रं मुलीच्या हातात दिली, म्हणाली ही ब्रिटिश म्युझियमला दे, म्हणजे जगाला कळेल की एकेकाळी त्याचं माझ्यावर प्रेम होतं. तिने पत्रं जाळली नाहीत. पुस्तकं जाळा असंही म्हणाली नाही. फक्त कागदांत आपला कागद ठेवून गेली.

सोफियाचंही तसंच काहीसं. तेरा मुलं, त्यातली काही लहानपणीच गेली, आणि रात्र रात्र जागून 'युद्ध आणि शांती'च्या प्रती तिने स्वतःच्या हाताने परत परत उतरवल्या. मग 1889 मध्ये टॉलस्टॉयने 'क्रॉइत्झर सोनाटा' लिहिली, संशयापोटी बायकोला मारून टाकणाऱ्या नवऱ्याच्या तोंडून, लग्न म्हणजे कसा नरक यावर, आणि वाचणाऱ्या सगळ्यांनी तिच्याकडेच बघितलं. सेन्सॉरने ती अडवली. तर ही बाई 1891 मध्ये स्वतः झारला भेटायला गेली आणि समग्र वाङ्मयात ती छापायची परवानगी घेऊन आली. स्वतःची बदनामी करणारं पुस्तक! मग घरी येऊन तिने काय केलं असेल? त्याला उत्तर म्हणून स्वतः एक कादंबरी लिहिली, नाव ठेवलं 'दोष कोणाचा?', त्यात तेच लग्न, पण बाईच्या बाजूने. ती तिच्या हयातीत छापली गेली नाही, 1994 मध्ये छापली गेली. मी दोन्ही एकापाठोपाठ वाचल्या. त्याची जास्त चांगली आहे, हे कबूल करायला मला जड गेलं. पण तिची वाचल्यावर त्याच्या कादंबरीतली ती मेलेली बायको मला पहिल्यांदा बोलताना ऐकू आली.